गाडी सोडणे

आमच्या घरात गाडी कुणी चालवत नाही, सोडतात. "उद्या सकाळी मला गाडी सोडायचीय," असं मी म्हटलं तर पुण्याच्या माणसाला वाटेल, बाई स्कूटरला कंटाळली, आता विकून टाकणार. तसं काही नसतं. मला जुन्या गावातल्या अग्रहारात जाऊन कॉफी पावडर आणायची असते, इतकंच. कानडीत टांग्यात बसलेला माणूस टांगेवाल्याला म्हणतो, 'बिडप्पा'. सोड बाबा. म्हणजे चल, निघ. आम्ही मराठी माणसं पिढ्यान्‌पिढ्या म्हैसुरात राहिलो आणि तो 'बिडु' आमच्या मराठीत 'सोड' होऊन राहिला. आमचे पूर्वज म्हैसूरच्या फौजेत घोडे सोडत होते, मी स्कूटर सोडते. प्रगती म्हणायची की अधोगती, ते ज्यानं त्यानं ठरवावं.

या शब्दाला एक नियम आहे. तो पुढच्यानं म्हणायचा नाही, मागच्यानं म्हणायचा. माझे वडील इंजिन सुरू करून मुकाट्यानं थांबायचे. आई मागे बसायची, पदर खोचायची, पिशवी मांडीवर घ्यायची, कुलूप नीट लागलंय ना ते वळून बघायची आणि मग म्हणायची, "सोडा." तोवर गाडी जागची हलत नसे. वडील घरात कुणाचं म्हणून ऐकत नसत, पण त्या एका शब्दाशिवाय त्यांनी कधी मूठ पिळली नाही. मला वाटतं तेवढ्या एका जागी आईचा संसार तिच्या हातात होता.

माझ्या मागे बसले ते आमचे हे. जन्मभर.

लग्न झालं तेव्हा आम्ही अग्रहारात भाड्यानं राहायचो. यांची कचेरी चालत जाण्याइतकी जवळ, देऊळ त्याहून जवळ, मित्र तर कट्ट्यावरच. गाडीची गरज मला होती, कारण माझी शाळा गावाच्या पार दुसऱ्या टोकाला. मी गणित शिकवायचे आणि पहिल्या तासाला उशीर झाला की पोरं खूश व्हायची, ते मला सहन व्हायचं नाही. म्हणून स्कूटर आली. डाव्या मुठीत गिअर असलेली, पत्र्याची, निळी. मी आठवड्यात शिकले. यांनाही शिकवावं म्हणून एका रविवारी मैदानावर नेलं. हे सरळ गेले, छान गेले. मैदानाच्या कडेला एक माणूस पतंग उडवत होता, त्याच्याकडे बघत बघत छानच गेले आणि गोलपोस्टवर जाऊन आदळले. उठून धोतर झटकावं तशी पँट झटकली आणि मला म्हणाले, "हे काम माझं नव्हे. गाडी सोडणाऱ्याला समोर बघावं लागतं. मला आजूबाजूला बघायचं असतं. तू समोर बघ, बाकीचं मी बघतो."

मला तेव्हा राग आला होता. पण ती वाटणी कायम राहिली आणि खरं सांगायचं तर आमच्या संसारात तेवढीच एक वाटणी कधी भांडणाशिवाय पार पडली.

लहान चाकाच्या स्कूटरची मजा मोटरसायकलवाल्यांना कळायची नाही. मोटरसायकलवर माणूस मांड ठोकून बसतो, जणू कुणावर तरी चाल करून निघालाय. स्कूटरवर माणूस खुर्चीत बसल्यासारखा बसतो, फक्त खुर्ची चालू लागते. गुडघे मिटलेले, साडी जागच्या जागी आणि पायांशी एवढी मोकळी जागा की तिथं अर्धा संसार मावतो. आमच्या स्कूटरच्या त्या फळीवर तांदळाचं पोतं आलं, गौरीसाठी केळीचे खुंट आले, एकदा शाळेच्या स्नेहसंमेलनाची पेटी आली. आमचा मुलगा तर तिथं उभा राहूनच मोठा झाला. हँडलच्या मधल्या भागाला धरून तो असा उभा असे, की गाडी तोच सोडतोय आणि आम्ही दोघं त्याचे प्रवासी आहोत. पाय टेकतात, वळवायला गल्ली पुरते, कुणी ओळखीचं दिसलं की इंजिन बंद न करता दोन शब्द बोलता येतात. गावापासून माणूस फार उंच होत नाही आणि फार वेगानं दूरही जात नाही.

चाक लहान असण्याचा दंड एकच. मोठं चाक खड्डा ओलांडून जातं. लहान चाक खड्ड्यात उतरतं, आत सगळं ठीक आहे ना याची चौकशी करतं आणि मग वर येतं. त्यामुळे मला म्हैसूरचे खड्डे पाठ झाले. हुणसूर रस्त्यावरचा कुठला बुजवला आणि कुठला नुसताच झाकला, ते मी झोपेत सांगेन. आणि यांना काय पाठ? पाट्या, गच्च्या, खिडक्या. मी खड्डे मोजत असायची आणि मागून बातम्या यायच्या. "शिंप्याचं दुकान मागं ढकललं बघ, पुढं मोबाइलवाला आलाय." "पिवळ्या घराच्या गच्चीवर पपई लागली." "त्या इस्त्रीवाल्यानं मिशी काढली, अय्यो, किती लहान दिसतोय!" मी 'कुठं, कुठं' म्हणेपर्यंत ते मागे पडलेलं असायचं. मी याच गावात जन्मले, पण निम्मं गाव मी यांच्या तोंडून पाहिलंय.

वाट सांगायची हौस मात्र दांडगी. "डावीकडं घे, तो बसवाला ऐकणार नाही. हॉर्न दे. आता नको." स्वतःला क्लच कुठला आणि ब्रेक कुठला ते ठाऊक नाही, पण उंटावरून शेळ्या हाकाव्यात तसे हे स्कूटरवरून सगळी रहदारी हाकायचे.

लोक हसायचे, हसणारच. त्या दिवसांत बायको पुढे आणि नवरा मागे हे दृश्य म्हणजे फुकटचं नाटक. बाजारातल्या फुलवाल्या एकमेकींना कोपर मारायच्या. एका लग्नात आमच्या एका काकांनी पंक्तीत सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हटलं, "आपले पूर्वज घोड्यावर बसून लढाईला जायचे. हा बायकोच्या मागं बसून भाजीला जातो." हे शांतपणे सारूभात कालवत होते. म्हणाले, "काका, पुढं बसले म्हणून तर ते पडले. मी मागं बसतो, अजून शाबूत आहे." पंक्ती हसली, काकाही हसले. मला मात्र त्या दिवशी यांचा फार अभिमान वाटला. तो मी बोलून दाखवला नाही, घरी परतताना गाडी जरा हळू सोडली, एवढंच.

पुढे गावाबाहेर हूटगळ्ळीला स्वतःचं घर झालं. तेव्हा तिथं नुसती आखलेली जमीन, चार घरं आणि कारखान्याचे भोंगे होते. आता भाजीवाल्यापासून दातांच्या दवाखान्यापर्यंत सगळं आहे. पण यांचा जीव राहिला अग्रहारात. शनिवारी सकाळी त्यांना तिथं सोडायचं, म्हणजे पोचवायचं (बघा, एका शब्दाची किती कामं), मित्रांबरोबर कॉफी होईपर्यंत मी बाजार उरकायची आणि परत दोघं मिळून. रविवारी आमची चैन वेगळी. बेळगोळच्या रस्त्यानं धरणाकडे. कारखाने मागे पडले की कालव्याचं पाणी रस्त्याशेजारून चालू लागतं, ऊस लागतो, भाताची शेतं लागतात. धरण बघायला आम्ही क्वचितच जायचो. एखाद्या पुलाशी थांबून परत फिरायचो. कुठं पोचायचं नाही, नुसतं जायचं, याची गोडी स्कूटरनं लावली.

आणि बोलणं. घरात समोरासमोर बसून जे बोलता येत नाही ते स्कूटरवर येतं, कारण एकमेकांचं तोंड दिसत नाही. मुलगा पुण्याला नोकरी धरणार आणि परत येणार नाही, हे आम्ही एकमेकांना बेळगोळच्या रस्त्यावर सांगितलं. मी समोर बघत सांगितलं, यांनी आजूबाजूला बघत ऐकलं. अर्धं वाऱ्यानं नेलं, तेही बरंच झालं.

इतकी वर्षं मागे बसलेल्या माणसाला तुम्ही चेहऱ्यानं नाही ओळखत, वजनानं ओळखता. हे उंच आहेत, आरशात मला त्यांचं कोपर तेवढं दिसे. पण वळण आलं की वजन माझ्याबरोबर वळे. ब्रेक लावला की ते आधीच सावरलेलं असे. भांडण झालेलं असलं की ते जरा मागे सरकून बसे. निवृत्तीनंतर यांची पाठ दुखू लागली, तेव्हा यांनी मागे टेकायला एक स्टीलची पाठ बसवून घेतली. चांगली उंच, वर रेक्झिनची गादी, दोन बाजूंना धरायला दांडे. तोवर निळी स्कूटर जाऊन बिनगिअरची आली होती. त्या बिचारीच्या मानानं ते प्रकरण म्हणजे नाकापेक्षा मोती जड. राजवाडा असलेल्या गावात त्याला दुसरं नाव कुठून येणार? गल्लीनं त्याचं नाव सिंहासन ठेवलं. हे त्यावर बसून जाऊ लागले की समोरचा किराणावाला हात जोडून वाकायचा आणि हे गंभीर चेहऱ्यानं हात वर करायचे.

मग दोनेक वर्षांपूर्वी ते वजन बदललं.

आधी मला वाटलं टायरमध्ये हवा कमी आहे. वळणावर गाडी अंगावर येऊ लागली. हवा भरली तरी तेच. मग लक्षात आलं, मी डावीकडे झुकते तेव्हा मागचं वजन उजवीकडे ताठ राहतं. ब्रेक लावला की ते उशिरा सावरतं. गाडी थांबायच्या आत यांचा एक पाय रस्त्यावर टेकतो. डॉक्टरांनी नंतर काहीतरी नाव सांगितलं, तोल सांभाळणाऱ्या नसा वयानं मंद होतात म्हणाले, काठी घ्या, गोळ्या घ्या. पण कुठल्याही तपासणीच्या आधी ते माझ्या पाठीला कळलं होतं. मी कुणाला बोलले नाही. वळणं आणखी हळू घ्यायला लागले.

मागच्या पावसाळ्याच्या शेवटी आम्ही पडलो. अग्रहारातून परत येताना, घराच्या अगदी जवळ. मोठ्या रस्त्यावरून आमच्या वसाहतीत वळतानाचा तो हंप. मी वळवलं, यांचं वजन उलट गेलं, त्याच वेळी यांनी पाय टेकला. लहान चाक आहे, एवढ्यानं हँडल फिरतं. माझ्या डाव्या मनगटावर मी पडले आणि माझ्या अंगावर गाडी. यांना नुसतं खरचटलं. माझ्या शाळेतली जुनी विद्यार्थिनी तिथंच राहते, ती ओरडत धावत आली, "अय्यो मिस्! बिद्बिट्रा?" पडलात का म्हणे. रस्त्यात आडवी पडलेय, दिसत नाही का? पण मी म्हटलं, "एनु आगिल्ल, काही झालं नाही. खडी होती गं, चाक घसरलं."

हे रस्त्याच्या कडेला बसले होते. तेही म्हणाले, "हो, खडी होती."

तिथं खडी नव्हती. तो रस्ता दोनच महिन्यांपूर्वी सिमेंटचा झाला होता, पाटासारखा गुळगुळीत. मला माहीत होतं आम्ही का पडलो. पण ते मी म्हटलं असतं, तर यांना सांगितल्यासारखं झालं असतं की तुम्ही माझ्या मागे बसण्याजोगे राहिला नाहीत. मी मनगट मोडून घेईन, पण ते वाक्य नाही बोलणार. झाकली मूठ सव्वा लाखाची. मूठ प्लास्टरमध्ये होती, ही गोष्ट वेगळी.

मुलाचा फोन आला तो ओरडतच. या वयात, त्या रहदारीत, आणि खडी दिसली नाही का तुला? म्हणजे डोळे तपासायला हवेत. मी ऐकून घेतलं. माझे डोळे घारीसारखे आहेत. नंतर सून आली. लॅपटॉप घेऊन, घरून काम करत आमच्याजवळ राहिली. पुण्याची मुलगी, स्वच्छ पुणेरी मराठी, मनानं चांगली. तिची आणि यांची चांगली गट्टी. ती पोहे करायची, हे त्यांना अवलक्की म्हणायचे. ती विचारायची, "बाबा, सुम्ने म्हणजे काय हो?" हे म्हणायचे, "सुम्ने म्हणजे सुम्ने. उगीच. आम्ही दोघं रविवारी जातो ना, तसं."

प्लास्टर निघालं त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी नाश्त्याला आम्ही तिघं बसलो होतो. सुनेनं आवाज मऊ केला. मनात तयारी करून आलेली दिसत होती. म्हणाली, "आई, रागावू नका. पण मला वाटतं, तुम्ही आता गाडी सोडा."

यांचा चेहरा उजळला. "तेच म्हणतोय मी! हात बरा झाला, आता कशाला थांबायचं? उद्या शनिवारच आहे. सोडू दे की."

सुनेला इतक्या सहज होकाराची अपेक्षा नव्हती. "खरंच बाबा? तुमची हरकत नाही?"

"माझी कसली हरकत? मी तर वाट बघत होतो."

मी मधे बोलायला हवं होतं. दोन्ही भाषा मला येत होत्या. दोघं एकाच वाक्यावर समोरासमोर बसून दोन गावांना चालले होते, हे त्या टेबलावर मला एकटीला दिसत होतं. पण सून जे म्हणाली ते मला लागलं होतं आणि हे जे म्हणाले ते त्याहून जास्त लागलं. मी कपबश्या उचलून आत गेले.

सुनेनं तेवढ्यात मुलाला कळवलं, बाबासुद्धा तयार आहेत. मुलानं तिथूनच आमच्या मेकॅनिकला फोन केला, गाडी घेऊन जा, ओळखीत कुणाला हवी असेल तर देऊन टाक. तासाभरात मेकॅनिक दारात. मी आंघोळीला गेले होते. यांना वाटलं, मुलगा शहाणा, प्लास्टर निघताच गाडीची देखभाल करवून घेतोय. यांनी आनंदानं किल्ली त्याच्या हातात दिली आणि बजावलं, "ब्रेक घट्ट कर. मागच्या चाकात हवा बघ." ज्याला गाडी देऊन टाक म्हणून सांगितलंय त्यालाच मालक ब्रेक घट्ट कर म्हणून सांगतोय! तो बिचारा दोघांनाही 'हो' म्हणून गेला. मी केस पुसत बाहेर आले तेव्हा माझी स्कूटर सिंहासनासकट गल्लीच्या वळणावर दिसेनाशी होत होती.

"कुठं नेली?" मी विचारलं.

"तयार करायला," हे म्हणाले.

"द्यायला," सून म्हणाली.

मग उलगडा झाला. 'सोडणे' म्हणजे तुमच्याकडे काय आणि आमच्याकडे काय, हे मीच फळ्यावर गणित सोडवावं तसं सोडवून सांगितलं. सून आधी गोंधळली, मग कपाळावर हात मारून हसायला लागली. हसता हसता तिच्या डोळ्यांत पाणी आलं. हेही हसले, मीही हसले. मेकॅनिकला फोन करून गाडी राहू दे म्हणून सांगितलं. पण हसणं संपलं तरी प्रश्न तसाच बसून होता. सुनेनं डोळे पुसले आणि सरळच विचारलं, "मग आई, तुम्हीच ठरवा. सोडायची की सोडायची?"

मी म्हटलं, "बघू."

मी 'बघू' म्हणणारी बाई नव्हे. पण उत्तरं तीनच होती आणि तिन्ही मला नको होती. गाडी सोडून द्यायची, तर सगळे म्हणणार म्हातारी थकली. ते खोटं होतं, माझं मनगट उत्तम होतं आणि मला गाडीशिवाय त्या हूटगळ्ळीच्या घरात गुदमरायला होतं. पूर्वीसारखं दोघांनी निघायचं, तर पुन्हा कुठल्यातरी वळणावर पडायचं, आणि या वेळी मनगटावर भागेलच असं नाही. तिसरं म्हणजे एकटीनं जायचं. त्यासाठी ते वाक्य बोलावं लागणार होतं. ज्या माणसानं भर पंक्तीत 'मी मागं बसतो' म्हणून सांगितलं, त्याला मी काय सांगू, की आता उतरा? मी मनाशी ठरवून टाकलं, दोन दिवसांनी सांगायचं, माझं मनगट दुखतंय, द्या गाडी कुणालातरी. ते सोपं होतं. त्यात कुणाला काही लागत नव्हतं, माझ्याखेरीज.

हे माझ्याकडे बघत होते. दुपारी काठी घेऊन म्हणाले, "जरा पाय मोकळे करून येतो." बराच वेळ आले नाहीत. सून दोनदा फाटकापर्यंत जाऊन आली. शेवटी आले ते घामाघूम, पण खुशीत. कुठं गेला होतात, विचारलं तर म्हणाले, "सुम्ने."

शनिवारी सकाळी मी कॉफी टाकत होते तोच ओळखीचा हॉर्न वाजला. मेकॅनिकनं गाडी फाटकात लावली, यांच्या हातात किल्ली दिली आणि गेला. सून आत खोलीत फोनवर कामाचं बोलत होती. मी हात पुसत बाहेर आले. गाडी धुऊन चकचकीत केलेली होती. मला काहीतरी चुकल्यासारखं वाटलं, काय ते पटकन कळेना. मग कळलं.

सिंहासन नव्हतं. मागे नुसती सीट, सपाट. स्टीलची पाठ गेली, दांडे गेले. जिथं ते बसवलं होतं तिथं बोल्टची भोकं होती, त्यांवर काळ्या रबरी टोप्या बसवलेल्या होत्या.

"अहो, हे..."

"मी सांगितलं काढायला," हे म्हणाले. "काल जाऊन सांगून आलो."

माझं हेल्मेट त्यांनी आधीच आणून पायरीवर ठेवलं होतं. त्यांचं दिसत नव्हतं. मी म्हटलं, "मनगट अजून जरा दुखतंय. आज नको."

"अगं," ते म्हणाले, "तिथं खडी नव्हती."

सकाळची वेळ, शेजारी कुणीतरी कपडे आपटत होतं. इतके दिवस मला वाटत होतं की मी त्यांच्यापासून ती गोष्ट लपवतेय. खरं तर लपवत आम्ही दोघं होतो, एकमेकांपासून, आणि दोघांनाही मागची ती जागाच वाचवायची होती.

"तू समोर बघायचीस," ते म्हणाले, "पण बाकीचं मी बघायचो ना? मग हे मला दिसणार नाही होय?" आणि मग नेहमीच्या आवाजात, "मी बसनं येतो. सरळ अग्रहारात उतरतो. बसच्या खिडकीतून जास्त दिसतं, उंच असते. तू कॉफी पावडर घे, मी कट्ट्यावर भेटतो. जा."

मी हेल्मेट घातलं. गाडी सुरू केली आणि उभी राहिले. लहानपणापासूनची सवय आहे, घरून निघताना मागून शब्द आल्याशिवाय माझा हात मूठ पिळत नाही. शाळेला एकटी जायची तेव्हासुद्धा हे दारात उभे राहून म्हणायचे. आत्ता मागे कुणी बसलेलं नव्हतं. इंजिन चालू होतं आणि मी वेड्यासारखी वाट बघत होते.

ते काठी टेकत दोन पावलं पुढे आले. एक हात रिकाम्या सीटवर ठेवला, क्षणभर. मग काढून घेतला.

"सोड," ते म्हणाले.

मी मूठ पिळली आणि गाडी एकदम पुढे उसळली. दर शनिवारी या फाटकातून ज्या वजनाच्या अंदाजानं मी मूठ पिळत आले होते ते मागे नव्हतं. मी सावरलं. गल्लीच्या टोकाशी वळायच्या आधी आरशात पाहिलं. त्या आरशात मला आजवर त्यांचं कोपर तेवढं दिसायचं, आज ते पहिल्यांदाच सबंध दिसले. फाटकाशी, काठीवर दोन्ही हात ठेवून. समोरचा किराणावाला शटर उघडत होता, कुणाची तरी गाय कुंपणाशी आली होती, बघण्यासारखं कितीतरी चाललं होतं. पण ते आजूबाजूला बघत नव्हते. सरळ समोर बघत होते, माझ्याकडे.